उंबरठ्यावरचा हिशेब

प्रवासाने मनुष्य मोठा होतो, हे आपण इतक्या सहजपणे म्हणतो की, त्या मोठेपणाचा खर्च कोणाच्या खाती पडला, हे विचारावयाचे राहूनच जाते. एखादा तरुण डोंगरदऱ्यांच्या ओढीने किंवा स्वतःच्या शोधार्थ घर सोडतो, तेव्हा आपण त्याला धाडसी तरी म्हणतो, नाहीतर बेजबाबदार तरी ठरवितो. दोन्ही निवाडे पुरावा न तपासता दिलेले असतात.

सांकवाळच्या धर्मानंद कोसंबींचे चरित्र या दृष्टीने पुनःपुन्हा वाचण्यासारखे आहे. १८७६ साली जन्मलेला हा तरुण वडिलांच्या माडांच्या बागेची देखरेख करीत वाढला. निसर्ग शोधण्यासाठी त्याला कोठेही जावयाचे नव्हते. जुवारीची भरती-ओहोटी आणि माडांची सळसळ त्याच्या गावातच होती. उणीव होती ती विद्येची. बुद्धचरित्राने मन वेधून घेतले होते, पण तो धर्म शिकविणारा गुरू जवळपास नव्हता. १८९९ साली त्याने घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन. पुढे नेपाळ आणि १९०२ साली सिंहलद्वीप. मागे घरी पत्नी होती, आणि त्याच वर्षी जन्मलेली कन्या.

सांकवाळला स्थलांतर नवे नव्हते. परकीय सत्तेच्या जुलमामुळे सोळाव्या शतकात तेथील श्रीलक्ष्मीनृसिंह अंत्रुज महालात वेलिंग्यास नेण्यात आला. परंतु ते निघणे सक्तीचे होते. शिवाय भक्तांनी देवाला सोबत नेले, मागे टाकले नाही. धर्मानंद स्वेच्छेने निघाले, आणि एकटे निघाले. म्हणूनच त्यांच्या निघण्याला नैतिक प्रश्न चिकटतो.

कोणी म्हणेल, ते गेले नसते तर पाली वाङ्मयाचा मराठीत एवढा परिचय कोणी करून दिला असता? युक्तिवाद वजनदार आहे, पण मला तो मान्य होत नाही. फळ चांगले आले म्हणून कृत्य योग्य ठरत असेल, तर त्याच ध्येयाने निघून वाटेत तापाने दगावलेला एखादा अज्ञात तरुण दोषी ठरेल. उंबरठा ओलांडताना दोघांनाही पुढचे सारखेच अज्ञात होते. तेव्हा निवाडा करावयाचा तो त्या क्षणी जे कळू शकत होते त्यावरूनच.

आणि त्या क्षणी तीन गोष्टी प्रत्येकाला कळू शकतात. आपण कशाकडे चाललो आहोत, की केवळ कशापासून पळत आहोत? आपल्या वाट्याचा भार मागे कोण उचलणार आहे? आणि मिळेल ते घेऊन परतण्याचा आपला संकल्प आहे काय? पहिल्या प्रश्नाला धर्मानंदांचे उत्तर निःसंदिग्ध होते. तिसऱ्याचे उत्तर त्यांनी पुढील आयुष्याने दिले. विद्या मिळविल्यावर ते परतले; महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करता यावे म्हणून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य त्यांनी पुरेसे मानले; आणि १९१८ साली अमेरिकेस जाताना मुलगा दामोदर याच्याबरोबर तीच कन्या, माणिक, त्यांनी शिक्षणासाठी सोबत नेली. ज्या वाटेने बाप तिच्यापासून दूर गेला, ती विद्येची वाट त्याने तिलाही खुली केली.

दुसरा प्रश्न मात्र उरतोच. १९२४ साली प्रसिद्ध झालेले धर्मानंदांचे 'निवेदन' आपल्यापुढे आहे. मधल्या वर्षांत घरी राहिलेल्या बाळाबाईंचे निवेदन आपल्यापुढे नाही. एका पक्षाची साक्ष नोंदली गेली आणि दुसऱ्याची गेली नाही, तर कोणताही न्यायाधीश निर्दोष मुक्ततेचा निकाल देणार नाही. शिक्षाही तो देणार नाही. तो एवढेच म्हणेल की, ऋण सिद्ध आहे. त्यातले काही फिटले आणि काही फिटण्यासारखे नव्हते.

आपल्या शास्त्रांनी मनुष्याला ऋणांसह जन्मलेला मानले, त्यातले मर्म मला येथे दिसते. ऋण आहे म्हणून घरीच बसावे, असा त्याचा अर्थ नव्हे. काही ऋणे दूर गेल्यावाचून फेडताच येत नाहीत. परंतु निघणाऱ्याने देवापुढे नारळ ठेवताना एक नाव मनात उच्चारावे: ज्याच्या घरी राहण्यामुळे आपले जाणे शक्य झाले, त्याचे. ते नाव ज्याला आठवते, त्याचा प्रवास मोठा; मग तो हिमालयापर्यंत पोहोचो, वा शेजारच्या गावापर्यंत.