‘सांगितलं होतं’ म्हटलं की सुटलो?

समजा, तुमच्याकडे सत्तर वर्षांचं जुनं सुतारकामाचं यंत्र आहे. चालतं झकास, फक्त करवतीच्या पात्यावरचं गार्ड हरवलंय. घ्यायला आलेल्या मुलाने आयुष्यात कधी लाकूड कापलेलं नाही. तुम्ही म्हणता, “गार्ड नाहीये हं, जपून.” तो म्हणतो, “चालेल.” पैसे देतो, यंत्र नेतो. तुमची जबाबदारी संपली?

अमेरिकेत अशी यंत्रं आजही हात बदलत असतात. १९४७ साली तिथे ‘शॉपस्मिथ १०ईआर’ बाजारात आलं. महायुद्ध संपलं होतं, उपनगरांत घरं उभी राहत होती. गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटायची हौस होती, जागा मात्र कमी. हान्स गोल्डश्मिट यांनी एकाच मोटरवर पाच कामं बसवली: करवत, लेथ, सँडर, उभं ड्रिल आणि आडवं ड्रिल.

सोय मोठी, पण तिची किंमत वापरणाऱ्याच्या लक्षावर पडते. मागच्या कामाची सेटिंग पुढच्या कामात तशीच राहू शकते. नंतरच्या ‘मार्क ५’वर डायल फिरवून वेग मिनिटाला साधारण ७०० ते ५२०० फेऱ्यांपर्यंत बदलता येतो. बारीक कामाचा वेग तसाच ठेवून लेथवर मोठा ओबडधोबड ठोकळा लावला, तर तो निसटून अंगावर येऊ शकतो. गार्डचंही तेच. काम बदलताना काढायचं, पुन्हा लावायचा कंटाळा करायचा.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे ‘सांगितलं होतं’चा पुरावा म्हणून एक चौकोन असतो: ‘मला अटी मान्य आहेत.’ बहुतेक लोक न वाचताच टिक करतात, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. तरी ती टिक आम्ही जपून ठेवतो. “गार्ड नाहीये हं” हाही तसाच चौकोन आहे. फिरत्या पात्याच्या मागच्या दातांनी फळी पकडली तर ती उलटी आपल्याच अंगावर येते, हे ज्याला माहीत नाही, तो नक्की कशाला “चालेल” म्हणतोय?

यावर कुणी म्हणेल, तो सज्ञान आहे, त्याचं तो बघेल. प्रत्येकाला लहान मूल समजणं हाही अपमानच. मान्य. पण त्याच्या निर्णयाचा मान राखायचा तर निर्णय घेण्याइतकी माहिती आधी त्याच्या हाती हवी. ती आत्ता फक्त तुमच्याकडे आहे. अर्धा तास काढून यंत्र चालवून दाखवलं तर कदाचित तो घाबरेल, सौदा मोडेल. म्हणूनच तर आपण एका वाक्यात उरकतो.

मी विकणारा असतो तर यंत्र दिलं असतं, करवतीचं पातं ठेवून घेतलं असतं. लेथ, सँडर, ड्रिल त्याच्याशिवाय चालतात. पातं तो उद्या दुकानातून आणेलही. पण ते का दिलं नाही, हे त्याला तोवर नीट समजलेलं असेल.