डोहाची मर्यादा

वचन : अनुवाद २२ : ६, ७

प्रियजनहो, ह्या वचनांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस एक लहानसा नियम लावून दिला आहे. वाटेंत पक्ष्याचें घरटें आढळलें तर पिलें घ्यावीं, पण आईस सोडून द्यावें. खाण्यास त्यानें मना केली नाहीं. वंश बुडविण्यास केली.

हा नियम आपल्या नद्यांस लावून पाहूं. महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळणकोंड म्हणून खोल डोह आहे. तेथील महाशीर मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरीत नाहींत. उलट त्यांस खाऊं घालितात. वाडा तालुक्यांत वैतरणेच्या कांठीं तिळसें येथेंही देवळापाशीं अशीच मर्यादा आहे.

येथें आपल्यांतील कोणी विचारील, “आम्ही देवीस मानीत नाहीं, मग ते मासे आम्हीं कां धरूं नयेत?”

बंधो, देवीचें भय बाजूस ठेव आणि डोहाकडे पाहा. महाशीर हा स्वच्छ, वाहत्या पाण्याचा मासा. पावसाळ्यांत पूर आला कीं तो वर चढतो व खडेवाळूच्या तळावर अंडीं घालितो. उन्हाळ्यांत धार आटली कीं खोल डोहांत आश्रय घेतो. म्हणून एक डोह राखिला तर पुढल्या पावसाळ्याचे आईबाप राखिले, आणि तो उपसला तर वरखालची नदी ओस पडते. आपले वाडवडील हें ग्रंथांतून शिकले नाहींत, नदीकांठीं राहून शिकले. त्यांच्या पूजेंत आपण वांटेकरी नसलों तरी त्यांच्या ज्ञानाचे ऋणी आहों.

अशी मर्यादा मोडली म्हणजे काय होतें, हें कर्नाटकांत दिसून आलें. दक्षिण कन्नड जिल्ह्यांत शिशिला येथें कपिला नदींतील देवळाचे मासे लोक पूर्वापार राखीत आले होते. १९९६ सालीं दुष्टांनीं पाण्यांत विष घातलें व हजारों मासे मेले. गांवकऱ्यांनीं त्यांचें स्मारक उभारिलें. विष व सुरुंग ह्यांनीं मासे मारणें १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरविलें होतें. परंतु रात्रीं डोहावर शिपाई नसतो. तेथें मनुष्याचें अंतःकरणच राखण करितें.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत मनुष्याच्या आधीं जलचरांस आशीर्वाद मिळाला आहे. तो विषानें पुसून टाकण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? शेजारी जें भयानें राखितो, तें आपण उत्पन्नकर्त्याच्या प्रीतीस्तव राखूं नये काय?

तर चढणीच्या दिवसांत गाभोळीनें भरलेली मादी जाळ्यांत आली तर तिला पाण्यांत सोडा. विष किंवा सुरुंग घेऊन निघालेल्याच्या सोबतीस जाऊं नका. तो आप्त असला तरी त्याला आवरा. गांवानें डोह राखण्याचा ठराव केला तर आपल्या मंडळीनें मागें राहूं नये. ह्यांनीं देव बदलला म्हणून नदी उजाड केली, असें म्हणण्यास शेजाऱ्यास जागा मिळूं नये. प्रभु आपणां सर्वांस तशी सुबुद्धि देवो. आमेन.