यादीतला तिसरा शब्द

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आज या जिल्ह्यातल्या मालवण-तारकर्लीत घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या आहेत आणि त्यांची इंग्रजी पत्रकं आहेत. मी इंग्रजी शिकवते, म्हणून ती तपासायला माझ्याकडे येतात.

'टूरिस्ट्स कम हिअर फॉर स्विमिंग, टू सी द फोर्ट अँड डॉल्फिन्स' अशा तऱ्हेचं वाक्य त्यांत हमखास असतं. गोष्टी तीन आणि तिन्हींची रूपं वेगवेगळी. इंग्रजीत एका यादीतले घटक एकाच रूपात लागतात: 'टू स्विम, टू सी द फोर्ट अँड टू वॉच डॉल्फिन्स'. 'टू' लावायचा तर तिन्ही ठिकाणी, नाहीतर फक्त पहिल्याच ठिकाणी. हीच माणसं मराठीत 'पोहता येतं, किल्ला बघता येतो, डॉल्फिन बघता येतात' असं सहज बोलून जातात. समतोल त्यांच्या जिभेवर आहेच. तो इंग्रजीत उतरवायला कुणी शिकवलेलं नसतं.

मग लाल पेन मी कुणासाठी उचलते? वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून, की मला येतं हे दिसावं म्हणून? मनाला विचारलं तर दोन्ही कारणं सापडतात. पहिलं टिकवायचं आणि दुसरं काढून टाकायचं, तर चूक दाखवताना नियमाचं कारणही सांगायला हवं. समुद्रातल्या किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत चढणाऱ्या परक्या माणसाला 'वेअर अ लाइफ जॅकेट, सिट डाउन, होल्ड युअर चाइल्ड्स हँड' हे एका दमात कळतं, कारण तिन्ही सूचना एकाच घडणीच्या आहेत. त्यांतली एक आज्ञा, एक नाम आणि एक लांबलचक वाक्य असेल, तर करायचं काय हे त्याला थांबून जुळवावं लागतं. नियम त्याच्या सोयीसाठी आहे, माझ्या मोठेपणासाठी नाही.

याहून अवघड प्रश्न पुढचा आहे. 'अवर बीच इज क्लीन, क्वाएट अँड सेफ.' तीन विशेषणं, व्याकरण निर्दोष. पण पावसाळ्यात हाच समुद्र खवळतो, किल्ल्याची होडीवाहतूकही बंद असते. पत्रक मात्र बाराही महिने 'सेफ' म्हणत राहतं. पहिल्या दोन शब्दांच्या पंगतीत बसल्यामुळे तिसराही खरा वाटतो. रूप जितकं नेटकं, तितका वाचणाऱ्याचा विश्वास जास्त, आणि ते नेटकेपण माझ्या हातून आलेलं असतं. 'माझं काम व्याकरणापुरतं' असं म्हणून मला यातून सुटता येणार नाही. पोहायला उतरणारा माणूस त्या शब्दावर भरवसा ठेवून उतरतो.

म्हणून पत्रक तपासताना प्रत्येक घटकापाशी थांबून 'हे खरं आहे का, आणि कोणत्या महिन्यांत?' हे विचारणं मी माझं कर्तव्य मानते. पत्रकं लिहिणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे: आधी यादीतली प्रत्येक गोष्ट खरी आहे का ते पाहा, मग तिचं रूप जुळवा.