दातांचा हिशेब

गिअरबॉक्स बदलून गाडी चालू झाली की मालकाच्या जिवात जीव येतो. पण चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत एक गोष्ट बघायची उरलेली असते: पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे दाते एकमेकांशी जुळतात का?

सुबारूसारख्या गाड्यांत पुढचे डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असते. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स चढवला की पुढच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण नकळत बदलू शकते. समजा, पुढे ३७ ला ९ दाते आले आणि मागे जुने ४० ला ९ तसेच राहिले. चाकाचा घेर दोन मीटर धरला, तर एका किलोमीटरला पुढच्या हिशेबाने शाफ्टचे सुमारे २०५५ फेरे व्हायला हवेत, मागच्या हिशेबाने २२२२. दीडशेहून जास्त फेऱ्यांचा हा फरक मधला क्लच अंगावर घेतो, तापत जातो आणि शेवटी जळतो. दोन्ही भाग वेगवेगळे तपासा, एकातही खोट सापडणार नाही. मला धास्ती वाटते ती याचीच.

चारठाणा-जिंतूरच्या काळ्या जमिनीत फोर-व्हील ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना याची दुसरी बाजू ठाऊक असते. तिथे पुढची चाके लहान. पुढच्या अ‍ॅक्सलचे गिअर असे ठेवतात की ती मागच्यांपेक्षा किंचित, शेकडा एक ते पाच, जास्तच ओढावीत. भिजल्या रानात चाक जरा घसरते आणि तेवढा फरक मातीत जिरतो. डांबरी रस्त्यावर त्याला जिरायला जागा नसते. तिथे फोर-व्हील सोडवले नाही, तर टायर झिजतात आणि गिअरवर ताण चढत राहतो. म्हणून चिखलातून सुखरूप निघाली एवढ्यावरून गाडी जुळली असे मानू नये. माती फार सांभाळून घेते.

याच चारठाण्याच्या जुन्या हेमाडपंती देवळांत चुन्याशिवाय दगडात दगड बसवले आहेत. खाच आधी कोरली, दगड नंतर चढवला.

गाडीतही मोजणी आधीच व्हावी. शाफ्ट सोडवायचा, मागची दोन्ही चाके उचलायची, टायरवर आणि पिनियनच्या तोंडाशी खडूची खूण करायची. दोन्ही चाके बरोबरीने नऊ फेरे फिरवली की पिनियनचे सदतीस होतात की चाळीस, ते डोळ्यांना दिसते. गिअरबॉक्सचे प्रमाण त्याच्या कोडवरून काढता येते. फरक निघाला, तर मेस्त्रीला घाई करू नये. त्या गिअरबॉक्सला जुळणारे मागचे डिफरन्शियलही शोधावे. एकाच गाडीतून उतरलेली जोडी मिळाली तर उत्तम.