दाराची फट आणि प्रत्याहार

शरीराला नऊ दारांचे नगर मानण्याची आपल्या तत्त्वचिंतनाची प्रथा फार जुनी आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात ती आढळते, आठव्या अध्यायात ही सारी दारे आवरून मन हृदयात रोधावे असा प्रयाणकाळचा विधी सांगितला आहे, आणि सांख्यांनी तर इंद्रियांना निव्वळ दारे ठरवून त्यांचा ताबा बुद्धी, अहंकार आणि मन या त्रयीकडे सोपवून अंतर्यामीच्या कारभाराची वाटणीच करून टाकली आहे. परंतु दार मिटल्याने आत शांतता नांदू लागते काय, हा प्रश्न या रूपकाच्या पोटातच दडलेला आहे. आणि त्याचे उत्तर आपण समजतो तितके सरळ नाही, असे एका जुन्या मोटारीच्या दाराची दुरुस्ती जवळ उभे राहून पाहिल्यापासून मला प्रकर्षाने वाटू लागले आहे.

दार पुढचे, डाव्या बाजूचे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना वेग ताशी 60 किलोमीटरच्या पुढे गेला, की काचेच्या वरच्या मागल्या कोपऱ्यातून बारीक शीळ उठे, आणि 80 च्या सुमारास त्या शिळेचा असा अखंड सोसाटा होई, की शेजारच्याशी बोलण्यासाठी आवाज चढवावा लागे. नाना पेठेतल्या ज्या वयस्क मिस्त्रीकडे गाडी नेली, त्याने आधी रबराला हातच लावला नाही. दार अर्धे उघडून खालच्या कडेला धरून ते उचलून पाहिले. बिजागऱ्यांत हेलकावा नाही, दार खाली बसलेले नाही, अशी खात्री झाल्यावर त्याने वर्तमानपत्राची एक पट्टी कापली, ती दाराच्या फटीत धरून दार लावले आणि हलकेच ओढली. असे वीत-वीत अंतरावर करीत तो चौकटीभोवती फिरला. खाली आणि बिजागरीकडे पट्टी घट्ट अडकत होती. वरच्या मागल्या कोपऱ्यात मात्र ती अलगद निसटून हातात आली. ‘‘रबर मेलंय, साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘दबून दबून बसलंय.’’

हे रबर, ज्याला गॅरेजात बीडिंग म्हणतात, आतून पोकळ असते, आणि त्याचे सारे सामर्थ्य त्या पोकळीत आहे. दार लागले की ते दबते, आणि दबते म्हणूनच पत्र्याच्या प्रत्येक उंचसखल भागाला बिलगून राहते. दोन धातूंच्या कडा कितीही कसोशीने घडवल्या तरी त्यांच्यात असा मिलाफ होत नाही. वर्षानुवर्षांच्या दाबाने व उन्हाने त्याची उसळी संपली, की ते चपटे होऊन पडून राहते, आणि दार लागलेले दिसत असूनही लागलेले नसते. ध्वनिशास्त्राचा यासंबंधीचा हिशेब मोठा कठोर आहे : एखाद्या आडोशाच्या क्षेत्रफळाचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी बाकीचा आडोसा कितीही जाड असो, आवाज फार तर 20 डेसिबलने उतरतो, त्याहून अधिक नाही. साधनेच्या वाटेवर ज्यांनी थोडीफार पावले टाकली आहेत, त्यांना या हिशेबाची सत्यता वेगळी पटवून देण्याची गरज नाही. एकाच जागी राहून गेलेली आसक्ती बाकीचा सारा निग्रह कसा निष्फळ करते, याची साक्ष ज्याचे त्याचे मन देते.

मिस्त्रीने नवे बीडिंग बसवले, आणि मग खांबावरच्या ज्या खुंट्यात दाराचे कुलूप अडकते, त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ आखून, त्याचे दोन स्क्रू सैल करून, तो खुंटा केसभर आत सरकवला. याहून आत घ्यावा काय, असे विचारता त्याने मान हलवली. ‘‘जास्त आत घेतला तर दार आपटावं लागंल, आन् नवं रबरबी लवकर बसंल.’’ निग्रहाच्या मर्यादेविषयी याहून नेमके विधान मी क्वचितच ऐकले आहे. अतिरिक्त आवळलेला संयम ज्या कोमलतेच्या बळावर टिकावयाचा, तिचाच आधी नाश करतो.

या प्रकरणातील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट मात्र निराळीच आहे. उभ्या गाडीत जे दार निर्दोष ठरते, ते वेगात तसे राहीलच असे नाही. कारण गाडी धावू लागली की काचेलगतच्या हवेचा दाब उतरतो, आतला दाब त्या मानाने अधिक होतो, आणि दाराची वरची चौकट बाहेर ओढली जाते. म्हणूनच जाणता कारागीर कागदाच्या परीक्षेवर संतुष्ट न राहता दाराच्या बाहेरच्या फटीवर चिकटपट्टी लावून गाडी रस्त्यावर नेतो, आणि एकेक तुकडा सोडवीत शीळ कुठे परतते ते ऐकतो. देवघरातील स्थैर्याची परीक्षाही खरे तर बाजारात, कचेरीत, वादाच्या प्रसंगी व्हावयास हवी; कारण व्यवहाराची गती बाहेरून आत ढकलते त्यापेक्षा आतल्याला बाहेर ओढते, आणि मिटलेली दारे त्या ओढीनेच किलकिली होतात.

दुरुस्तीनंतर शीळ गेली. पण ती जाताच काही ध्वनी नव्याने ऐकू येऊ लागले : पुढच्या फळीत कुठेतरी प्लास्टिकची बारीक टकटक, आसनाच्या रुळाची कुरकुर, मागल्या चाकाचा एक खोल घुमारा. हे सारे आधीपासून होतेच. मोठ्या आवाजाने लहान आवाज झाकले जातात, एवढाच त्याचा अर्थ. ध्यानाला बसणाऱ्याला बाहेरची गडबड थांबल्यावर शांतता नव्हे, तर स्वतःच्या मनातला कल्लोळ प्रथम ऐकू येतो, तो याच न्यायाने. पतंजलींनी प्रत्याहाराला आठ अंगांत पाचवे स्थान देऊन त्याची गणना बहिरंग साधनांत केली आणि अंतरंगाचा मान धारणा, ध्यान व समाधी यांनाच दिला, यातील मर्म मला येथे उमगते. बाहेरची शांतता हे फळ नव्हे. आतले ऐकू यावे एवढीच तिची मातब्बरी, आणि ती थोडकी नाही. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषय घोळवीत बसणाऱ्याला गीतेने मिथ्याचारी म्हटले आहे. पण बाहेरचा गलबला असेपर्यंत आपण मिथ्याचारी आहोत हेसुद्धा आपल्याला कळत नाही.

मग इंद्रियजय म्हणावे तरी कशाला? योगसूत्रांवरील व्यासभाष्याने येथे चार मते रुजू केली आहेत. विषयांचे व्यसन नसणे, असे काही म्हणतात; विषयांशी संबंध यावा पण तो स्वेच्छेने, असे दुसरे म्हणतात; रागद्वेष नसताना सुखदुःखरहित असे शब्दादींचे ज्ञान होणे, असे तिसरे; आणि चित्त एकाग्र झाल्याने विषयांचे ग्रहणच न होणे, हे जैगीषव्याचे मत, ज्याला भाष्यकार श्रेष्ठ मानतात. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने ज्याला गुरू केले, तो बाण घडविणारा याच कोटीतला. जवळून राजा गेला तरी त्याला तो दिसला नाही, आणि त्याने कोणतेही दार लावले नव्हते. जैगीषव्याच्या अधिकाराविषयी मला नितांत आदर आहे. तथापि ज्याच्या हाती चाक आहे, ज्याला रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकून वाट द्यावयाची आहे, त्या संसारी माणसासाठी मी तिसऱ्या मताच्या बाजूने कौल देईन. ऐकू यावे, पण ऐकल्याने विस्कटू नये. बहिरेपण आणि शांती यांची गल्लत झाली, की धर्म निर्दय होतो.

आणि येथे एक फिर्याद अशी आहे, की जी दाराच्या आत बसून ऐकूच येत नाही. नव्या रबराने माझ्यापुरता आवाज अडवला. रस्त्याकडेच्या घरात जाणारा माझ्या गाडीचा आवाज तसूभरही कमी झाला नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. हमरस्त्यालगत राहणाऱ्याला ती किती लाभते, हे त्याच्या ओसरीवर रात्रभर बसल्याखेरीज कळावयाचे नाही. योगाच्या आठ अंगांत यम पहिले, आणि यमांत अहिंसा पहिली. प्रत्याहाराची पाळी तिच्या बऱ्याच नंतर येते. हा क्रम मनात आला तेव्हा पैसे चुकते करून निघण्याऐवजी सायलेन्सरही एकवार पाहावा, असे मी मिस्त्रीला सुचवले. तो गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला, इंजिन चालू ठेवावयास सांगितले, आणि थोड्या वेळाने खालूनच म्हणाला, की जोड फुंकतोय, गॅस्केट बदलावे लागेल. बदला, असे मी सांगितले.