सुटीतील वाचन आणि बद्रचे कैदी



उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या बहुतेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते : मुले दिवसभर मोबाइल पाहतात, पुस्तक हाती धरत नाहीत. ही तक्रार करणारे वडीलही बहुधा मोबाइलमधूनच मान वर काढून बोलत असतात. ते क्षणभर बाजूला ठेवू आणि आपल्या दीनमध्ये मुलांच्या वाचनाचे मोल काय होते, ते पाहू.

हिरा गुहेत अवतरलेल्या पहिल्या पाच आयतींत वाचण्याचा आदेश दोनदा आला आहे आणि लेखणीचा उल्लेखही आहे. हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. जलशांतून ते इतक्या वेळा सांगितले जाते की ऐकणाऱ्याचे लक्षही तेथे थांबत नाही. म्हणून येथे दुसऱ्या एका प्रसंगाकडे वळतो.

हिजरी सन 2 मध्ये बद्रच्या लढाईनंतर मक्केचे सुमारे सत्तर कैदी मुसलमानांच्या ताब्यात आले. मदीनेत त्या वेळी मोठी तंगी होती. घरदार व मालमत्ता मक्केत सोडून आलेल्या मुहाजिरांचे हात रिकामे होते. कैद्यांच्या सुटकेसाठी हजारापासून चार हजार दिरहमपर्यंत फिदिया ठरला होता. अशा वेळी एकेक दिरहम मोलाचा असताना, ज्यांच्याजवळ पैसा नव्हता पण ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांच्यासाठी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी वेगळी अट ठेवली. प्रत्येकाने मदीनेच्या दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मुक्त व्हावे.

हे शिक्षक कोण होते, याचा विचार करा. ते मुश्रिक होते. नुकतेच तलवारी घेऊन चालून आलेले होते. ते मुलांना दीन शिकवणार नव्हते, केवळ अक्षरे शिकवणार होते. तरीही मुलांना त्यांच्यासमोर बसवण्यात संकोच झाला नाही. ‘हे पुस्तक आपल्या माणसाचे नाही’ एवढ्याच कारणाने मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेणाऱ्या पालकांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

अशा रीतीने लिहायला शिकलेल्या अन्सारी मुलांमध्ये हजरत जैद बिन साबित (रजि.) यांचे नाव इब्ने सअद यांनी नोंदवले आहे. हिजरतीच्या वेळी ते सुमारे अकरा वर्षांचे होते, वडिलांचे छत्र हरपलेले. पुढे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितल्यावरून त्यांनी यहुद्यांची लिपी पंधरवड्याच्या आत आत्मसात केली. पंधरवडा म्हणजे आपल्या मुलांच्या सुटीचा अर्धा भागही नव्हे! यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाल्यावर हजरत अबू बक्र (रजि.) यांनी कुरआन मजीद एकत्र लिहून काढण्याची जबाबदारी याच तरुणावर सोपवली.

आता आपल्या घराकडे येऊ. महाराष्ट्रातील आपली असंख्य मुले मराठी माध्यमात शिकतात. घरी दखनी किंवा कोकणी बोलतात, मदरशात नाजरा पूर्ण करतात. मात्र उर्दू त्यांना अक्षर लावत लावत वाचावी लागते. आपण त्यांच्या हाती उर्दूतील जाड ग्रंथ देतो, ती दोन पानांत कंटाळतात, आणि आपण ठरवून टाकतो की यांना दीनची आवडच नाही. उर्दू जरूर शिकवावी. पण ज्या भाषेत मूल विचार करते, त्या भाषेत त्याला वाचू द्यावे. कुरआन मजीदचे मराठी भाषांतर आहे, सीरतवरची पुस्तके आहेत. साने गुरुजींनीही ‘इस्लामी संस्कृती’ लिहिले आहे. त्यांचीच ‘श्यामची आई’ मुलाने वाचली, तरी आईच्या हक्कांविषयी त्याला काही वेगळे सांगावे लागणार नाही. विज्ञानाची, प्रवासाची, निखळ गंमतीची पुस्तकेही असू द्या. पुस्तक आधी आपण चाळून पाहावे. मात्र वाचून झाल्यावर लगेच ‘काय बोध घेतलास?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाने चांगली चांगली पुस्तके मुलांना नकोशी झाली आहेत.

आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन देणग्यांबाबत बहुतेक माणसे तोट्यात राहतात, अशा आशयाची हदीस आहे. मुलांचा मोकळा वेळ तूर्त आपल्या हाती सोपवलेली अमानत आहे. असर आणि मगरिब यांच्या मधली वेळ निवडावी. मोबाइल दुसऱ्या खोलीत, आई-वडिलांच्या हातीही एकेक पुस्तक. घरात वाचता न येणाऱ्या दादी किंवा नानी असतील, तर मुलाने त्यांना रोज दोन पाने वाचून दाखवावीत. त्यांच्यासारखा उत्सुक श्रोता त्याला शाळेत मिळणार नाही, आणि त्यांची दुआ मिळेल ती वेगळीच.

मुलींविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. सुटीत भाऊ पुस्तक घेऊन बसतो आणि त्याच्याच वयाची बहीण भाकऱ्या थापते, भांडी घासते, पाहुण्यांचे चहापाणी करते. तिची सुटी नावापुरतीच असते. हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहायला शिकवले होते, आणि हजरत जैद (रजि.) यांनी लिहून काढलेली कुरआन मजीदची ती पाने पुढे हजरत हफ्सा (रजि.) यांच्याच जवळ जतन करण्यात आली. तेव्हा मगरिबच्या आधीचा तो तास मुलीलाही मिळावा. त्या वेळची भांडी भावाने घासावीत, प्रेषित (सल्ल.) स्वतः घरकामात हातभार लावीत असत, हे त्याला तोवर कोणत्या ना कोणत्या पुस्तकात वाचायला मिळालेले असेल.