शुद्धीचा गाळ

पोहण्याच्या तलावाच्या तळाची फरशी स्वच्छ दिसली की पाणी शुद्ध, असे आपण धरून चालतो. वाळूचा फिल्टर केस, शेवाळ, माती अडवतो. विरघळलेले क्षार मात्र त्यातून बिनदिक्कत पार होतात. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण, वाढण्यात घामाचा, लघवीचा हात असतोच, पण मोठा वाटा शुद्धीसाठी ओतलेल्या रसायनांचा. सोडियम हायपोक्लोराइट जंतू मारता मारता संपते आणि मागे मीठ ठेवते. पीएच उतरवणारे हायड्रोक्लोरिक आम्ल क्लोराइड सोडते. ऊन नुसते पाणी उचलते. त्यामुळे निगा उत्तम असली, तरी आकडा चढतच राहतो. शुद्ध करणारी कृतीच काही साचवते का, हा प्रश्न जैन विचारवंतांनी फार आधी हाताळला. कुंदकुंदाचार्यांच्या 'समयसारा'त पुण्यकर्म ही सोन्याची बेडी ठरते. बांधण्यात ती लोखंडी बेडीपेक्षा कमी नाही. प्रायश्चित्ते आणि व्रते वाढवून माणूस निर्मळ होईल, या भाबड्या हिशेबाला (आणि तो अनेक धर्मांत चालतो) यापेक्षा रोखठोक उत्तर मला माहीत नाही.

कोणी म्हणेल, मिठाने काय बिघडते? खाऱ्या पाण्याच्या तलावांत लिटरमागे ३,००० मिलिग्रॅम मीठ मुद्दाम ठेवतात. खरे आहे, पण तिथे ते जाणूनबुजून घातलेले असते. नकळत चढलेला आकडा पाणी जुने झाल्याची साक्ष देतो. मिठासोबत नायट्रेट साचते, आणि स्थिर केलेले क्लोरीन वापरले तर सायन्युरिक आम्लही, जे क्लोरीनचीच धार बोथट करते. पुण्याचेही तसेच: ते स्वतः बांधतेच, आणि त्यासोबत कर्त्याच्या नकळत अहंकारही साचतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. उपाय म्हणून जुने पाणी काढून ताजे भरतात. ब्रिटनमध्ये दर पोहणाऱ्यामागे रोज ३० लिटर बदलावे असा संकेत आहे. पण काढलेले क्षार जातात कुठे? आरओ लावला तरी ते दुसऱ्या बाजूला अधिक दाट होऊन बाहेर पडतात. जैन मतातही कर्म हे पुद्गल, म्हणजे जडद्रव्यच. निर्जरेत ते आत्म्यापासून सुटते, नष्ट होत नाही. साम्य मात्र इथेच संपते. सुटलेले कर्म शेजाऱ्याला चिकटत नाही. तलावाचे खारे पाणी शेजारच्या विहिरीत उतरू शकते. म्हणून निर्जरेइतकाच, माझ्या मते तिच्याआधी, संवर हवा: येणारेच थोपवणे. पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ करण्याचा, बहुतेक जण टाळतात तो नियम नेमका हेच करतो. अंगावरचा घाम आत गेला नाही, तर त्याच्यावर खर्च होणारे क्लोरीन लागत नाही आणि त्या क्लोरीनचे मीठही उरत नाही.